बिअर फेस्टिव्हलची वही, वर्ष तिसरं: एकच पिंप, तीन दिवस

मंडळी, मागच्या दोन नोंदी वाचल्या असतील तर माहितीच आहे की मे महिन्यात केंब्रिजचा बिअर फेस्टिव्हल मी चुकवत नाही आणि दरवर्षी आकडा वाढवत नेत होते, पहिल्या वर्षी १४ बिअर, दुसऱ्या वर्षी २३. यंदा ते बंद केलं. हिवाळ्यात वही काढून बसले तर २३ पैकी निम्म्यांपुढे नुसतं "छान, कडवट" एवढंच लिहिलेलं, त्यावरून आज मला एकही चव आठवत नाही. म्हणून यंदा ठरवलं की मंगळवार, गुरुवार, शनिवार असं तीनदा जायचं, दर खेपेला पाचच ग्लास, तेही एक तृतीयांश पाइंटचे म्हणजे साधारण १९० मिलीचे, आणि त्यातली एक बिअर तिन्ही दिवस तीच, त्याच पिंपातली.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. हा फेस्टिव्हल पहिल्यांदा १९७४ मध्ये झाला, आता नदीकाठच्या जीझस ग्रीनवर मोठे तंबू ठोकून भरतो, आणि चालवतात सगळे कॅम्रा (कॅम्पेन फॉर रिअल एल) या संघटनेचे स्वयंसेवक. १९७१ साली इंग्लंडमध्ये मोठ्या कंपन्यांची गॅसवाली केग बिअर सगळीकडे पसरत होती तेव्हा चार जणांनी ही चळवळ सुरू केली. चीजचा स्टॉल चुकवू नका, पण त्यावर लिहायला बसले तर बिअर राहील.

आता पिंपाचं. कास्क एल म्हणजे यीस्ट जिवंत असतानाच पिंपात भरलेली बिअर, आत थोडी साखर शिल्लक असते, ती खाऊन यीस्ट तिथंच गॅस तयार करतं, बाहेरून गॅस सोडत नाहीत. पिंपं मांडणीवर आडवी ठेवतात, वरच्या बुचात मऊ लाकडाची खुंटी मोगरीने ठोकतात, तिच्यातून जास्तीचा गॅस हळूहळू निघून जातो, मग कडक खुंटी मारून उरलेला गॅस धरून ठेवतात. गाळ खाली बसायला एखादा दिवस तरी द्यावा लागतो. फेस्टिव्हलला पंप नाही, पिंपालाच तोटी, सरळ ग्लासात. आणि जेवढी बिअर बाहेर येते तेवढी हवा आत जाते, सगळी गंमत तिथंच आहे, कारण त्या क्षणापासून चव बदलायला लागते. (शाकाहारी मंडळींनी विचारलं होतं: हो, गाळ खाली बसवायला बऱ्याच ठिकाणी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालतात. न घातलेलीही पिंपं असतात, ती जरा गढूळ दिसतात, काउंटरवर विचारलं की दाखवतात.)

माझ्या प्रयोगाला हलकी बिअर चालणार नव्हती, कारण ९ गॅलनच्या फर्किन नावाच्या पिंपात ७२ पाइंट, गर्दीच्या वेळी ते बघता बघता रिकामं होतं. ओकम ब्रुअरीची सिट्रा, ४.२ टक्के, संत्र्याच्या सालीसारखा वास, मंगळवारी घेतली आणि गुरुवारी आधीचं पिंप संपून दुसरं लागलेलं होतं. म्हणून एक ७ टक्क्यांची गडद ओल्ड एल धरली, १८ गॅलनच्या पिंपात, लोक ती शेवटी एखादा छोटा ग्लास घेतात त्यामुळे पिंप टिकतं. तोटी मंगळवारी दुपारी उघडली हे स्वयंसेवकाला विचारून घेतलं.

मंगळवार: जिभेला टोचणारा बारीक गॅस, काकवीचा वास पण चव अजून सुटी सुटी, आधी कडू, मग गोड, मग अल्कोहोलची ऊब, एकमेकांशी बोलत नाहीत. गुरुवार: तीच बिअर ओळखू येईना इतकी गोल झालेली, काकवी, खजूर, भाजलेल्या पावाची कड, सगळं एका घोटात. शनिवार: गॅस जवळपास गेलेला, अंग पातळ, मागे जुन्या शेरीसारखी चव आणि चिंचेची आंबूस कड. वाईट नाही, काही लोकांना हेच आवडतं, मला मात्र गुरुवारचीच. एवढा फरक दोन-दोन दिवसांत पडतो हे वाचून माहीत होतं, जिभेला पहिल्यांदा कळलं.

गुरुवारी मामा सोबत होते. मंगळवेढ्याकडे त्यांची ज्वारीची शेती, मामेभावाकडे इकडे महिनाभर आलेत. पहिला घोट घेऊन म्हणाले, "अगं, हे तर कोमट हाय की." मी म्हटलं, "मामा, १२ डिग्रीवर आहे, मुद्दाम. बर्फासारखी केली तर चव झोपते, जरा तोंडात धरून बघा." त्यांनी धरली, आणि दुसऱ्या घोटाला विचारलं, की धान्य कुठलं?

हा प्रश्न आजवर मला कुणी विचारला नव्हता. ग्लासात वुडफोर्ड्स ब्रुअरीची व्हेरी होती, ३.८ टक्के, शेजारच्या नॉरफोकची, मॅरिस ऑटर बार्लीची. हे वाण इथलंच, केंब्रिजच्या ट्रम्पिंग्टनमधल्या संशोधन केंद्रात प्रॉक्टर आणि पायोनियर यांच्या संकरातून साठच्या दशकात काढलेलं, तिथल्या मॅरिस लेनवरून नाव पडलं. पुढे जास्त उतारा देणारी वाणं आली, शेतकरी तिकडे वळले, पण एल करणाऱ्यांनी हेच मागितलं, जास्त पैसे मोजून, म्हणून टिकलं. मामा लगेच म्हणाले, "म्हंजे आपली मालदांडीच की. उतारा कमी, पण भाकरी तिचीच." पेरणी शरद ऋतूत, म्हणजे आपल्या रब्बीच्याच सुमारास, हे सांगितल्यावर तर उतारा किती, पाणी किती, दर किती असे इतके प्रश्न आले की मला थांबून फोनवर शोधावं लागलं. त्यानंतर मी व्हेरी परत प्यायले आणि बिस्किटासारखी ती माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) गोडी पहिल्यांदा नीट वेगळी काढता आली. वहीत "धान्य" असा नवा रकाना केलाय.

यंदाची दुसरी प्रगती म्हणजे दोष ओळखला. एका ब्रुअरीची बिटर, म्हणजे कडवट एल (नाव लिहीत नाही, एका पिंपावरून कुणाला नावं ठेवायची नाहीत) घेतली तर पॉपकॉर्नवरच्या लोण्यासारखा वास आणि घोट गिळल्यावर जिभेवर तुळतुळीत थर. या दोषाचं नाव डायअसिटिल. गेल्या वर्षी याला मी "टॉफीसारखी मस्त" लिहिलं असतं. काउंटरवर सांगितलं, तिथल्या ताईंनी स्वतः चाखली, ग्लास बदलून दिला आणि पिंपांची जबाबदारी बघणाऱ्याला हाक मारली.

सायडरला शनिवार दिला. एक पूर्वेकडची घेतली, ब्रॅम्ली आणि कॉक्स अशा खायच्या-शिजवायच्या सफरचंदांची, आंबट, हलकी, स्वच्छ. तिच्या शेजारी सॉमरसेटची, डॅबिनेट सफरचंदाची, आणि इथं आपल्याकडचा "तुरट" हा शब्द फार कामाला येतो, कारण त्यातलं टॅनिन अगदी जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते तसं. फेस नाही, गढूळ, प्लास्टिकच्या पिशवीवाल्या खोक्यातून येते. शनिवारीही मामा होते, त्यांना पूर्वेकडची दिली तर म्हणाले, "उन्हं चढल्यावर नीरा अशीच लागते," आणि ते खरंय, गोडी जाऊन आंबटपणा वर आलेला. पेरी एकच चाखली, म्हणजे नाशपातीची, तिच्यात थोडी गोडी राहतेच कारण नाशपातीतलं सॉर्बिटॉल यीस्टला खाता येत नाही. पोटालाही ते जड जातं, त्यामुळे एक ग्लास पुरे.

तिन्ही दिवस जाताना पोहे खाऊन, दोन ग्लासांच्या मध्ये पाणी, आणि घरी चालत.

रविवारी घरगुती बिअरच्या सामानाच्या दुकानातून मॅरिस ऑटरचं किलोभर माल्ट आणलं. मामांनी मूठभर तोंडात टाकलं, फुटाण्यासारखं कुरकुरलं, बराच वेळ चघळत राहिले, मग तूस थुंकून म्हणाले, "गोडूस हाय. पन भाकरी न्हाई व्हायची." उरलेल्याची पाच लिटरची छोटी बिटर लावलीय, बादली जिन्याखाली ठेवलीय, काल रात्रीपासून झाकणावर बुडबुडे यायला लागलेत.