मेंदूचा मुका मार

डिस्चार्ज कार्डावर 'सीटी स्कॅन : नॉर्मल' असं लिहिलं होतं. डॉक्टर तोंडी म्हणाले, "मुका मार आहे, आठ दिवसांत ठणठणीत व्हाल." आठव्या दिवशी मी मार्केट यार्डात गेलो, एका शेतकऱ्याच्या पट्टीची, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदाची, बेरीज तीनदा केली आणि तिन्ही वेळा वेगळी आली.

सांगलीत हळदीच्या अडत दुकानात मी २७ वर्षं दिवाणजी आहे. कॅल्क्युलेटर जवळ असतो, पण लागत नाही. लागत नव्हता.

अपघात साधाच. विश्रामबागेजवळ कुत्रं आडवं आलं, स्कूटर घसरली. हेल्मेट डिकीत होतं. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथं नको. दोन-तीन मिनिटं शुद्ध नव्हती म्हणे, मग दोन उलट्या झाल्या. म्हणून सीटी काढला आणि एक रात्र ठेवून घेतलं.

त्या आठव्या दिवशी लिलाव सुरू झाला तसा पुकारा डोक्यात खिळ्यासारखा घुसायला लागला. पत्र्यावरचं ऊन डोळ्यांना सोसेना. शेठ म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आलाय ना? मग?" घरी बायकोनंही थोड्या मऊ आवाजात तेच विचारलं. त्या एका शब्दानं माझं तोंडच बंद केलं होतं.

आमच्याकडं दुखणं हट्टाला पेटलं की मिरज गाठायचं. अकराव्या दिवशी तिथल्या एका मेंदूविकार तज्ज्ञांकडं गेलो. बाई तरुण, माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, महिने उलटे म्हणा, डिसेंबरपासून." मी ऑक्टोबरवरून थेट ऑगस्टवर आलो. बायको तेव्हा माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघायला लागली.

सीटीत काय दिसतं हे त्यांनी कागदावर काढून सांगितलं. हाड मोडलंय का, मोठा रक्तस्राव आहे का, तातडीनं ऑपरेशन लागेल का, एवढं तो पटकन सांगतो आणि त्या रात्री तेवढंच हवं होतं. पण डोकं झटक्यानं फिरलं की आतले बारीक तंतू ताणले जातात, ते त्यात दिसत नाहीत. मी म्हटलं, म्हणजे पोतं शाबूत, आतली शिवण उसवलेली. बाई हसल्या.

त्यांनी एमआरआय लिहून दिला, त्यात रक्ताचे बारीक ठिपके टिपणारी एक खास पद्धत धरून. सांडलेल्या रक्तातल्या लोहामुळं चुंबकीय क्षेत्र बिघडतं आणि तिथं काळा ठिपका उमटतो. दुसऱ्याच दिवशी नंबर लागला. अंगठी, घड्याळ, करगोट्यातला ताईतसुद्धा काढायला लावला. अंगात पेसमेकर, क्लिप, डोळ्यात कधी लोखंडाची कीस गेली होती का, सगळं विचारलं. आवाजाची मला धास्ती होती. कानात बोळे घालूनही तो ठकठकाट अर्धा तास दाढेपर्यंत पोचत होता. ज्याला आधीच आवाज सोसत नाही त्यानं हे आधी सांगावं. मी सांगितलं नाही, उगाच मर्दुमकी.

रिपोर्ट आला : पुढच्या भागात दोन ठिपके. सीटी नॉर्मल, पण एमआरआय नॉर्मल नाही. बाई म्हणाल्या, अमेरिकेतल्या २०१३ सालच्या एका अभ्यासात सीटी नॉर्मल असलेल्या २७ टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये असं काहीतरी सापडलं होतं. चार किंवा जास्त ठिपके, किंवा मेंदूचा एखादा भाग ठेचलेला असेल, तर ३ महिन्यांनंतरची तब्येत जास्त मागे राहिलेली दिसली.

मी जन्माचा हिशेबनीस. लगेच म्हटलं, "माझे दोनच. म्हणजे अर्धे!"

"काका, ही पट्टी नाही," त्या म्हणाल्या. "एमआरआय स्वच्छ असूनही सहा-सहा महिने डोकं धरून बसणारे माझ्याकडं येतात."

पुण्याच्या भाच्यानं २०२३ मधलं केंब्रिजचं संशोधन व्हॉट्सॅपवर पाठवलं होतं : मार लागल्यावर लवकर काढलेल्या स्कॅनमध्ये थॅलॅमसच्या, म्हणजे मेंदूत खोल असलेल्या संदेश पुढं पाठवणाऱ्या केंद्राच्या, जोडण्या वाढलेल्या दिसल्या, तर पुढं तक्रारी रेंगाळण्याशी त्याचा संबंध लागतो. मी विचारलं, माझं तेवढं बघता का? त्या म्हणाल्या, ते शंभरेक रुग्णांचा गट निरोगी लोकांशी ताडून काढलेलं गणित आहे. एका माणसाच्या रिपोर्टवर ते अजून छापता येत नाही.

बोलणी मात्र बायकोला बसली. पहिले सात दिवस तिनं मला अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं. एक-दोन दिवसांची विश्रांती पुरे, मग चालणं-फिरणं हळूहळू वाढवायचं, असं ठरलं. रोज सकाळी हरिपूरच्या रस्त्यानं चालायला लागलो. दुकानात आधी दोन तास, मग चार. रिपोर्ट टेबलावर ठेवल्यावर शेठनी परत "मग?" विचारलं नाही.

पैशांचं सांगतो, कारण कुणी सांगत नाही. एक रात्र दाखल होतो म्हणून माझ्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांतली तपासणी बसत होती. पहिल्यांदा क्लेम परत आला, कारण एमआरआयच्या चिठ्ठीवर अपघाताचा उल्लेखच नव्हता. चिठ्ठी घेतानाच तो लिहून घ्या.

तीन महिने झाले. डोकेदुखी गेली. चार वाजल्यानंतर मात्र आकडे अजून घसरतात. सकाळच्या पट्ट्या मी शाईनं लिहितो, चारनंतरच्या पेन्सिलनं, आणि दुकानातला पोरगा त्या एकदा तपासतो.