भोपळ्याला घाई नसते, आपल्याला असते

भोपळा लावायला फारशी अक्कल लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, अक्कल लागते ती त्याच्या मधे मधे न करायला. आळं करायचं, कुजलेलं खत घालायचं, दोन-तीन बिया टोकायच्या आणि बाजूला व्हायचं. पण माणसाला बाजूला होणंच जमत नाही ना! वेल जरा वाटेत आला की उचल आणि फिरव दुसरीकडे, हे चालूच. खरंतर वेल जमिनीवर पसरतो तेव्हा पेरं जिथे मातीला टेकतात तिथे नवीन मुळं सोडतो, ती मुळं त्याला जास्तीचं पाणी-अन्न पुरवतात, आणि आपण तीच उपटून काढतो. जागाच कमी असेल तर सुरुवातीपासूनच मांडवावर चढवावा, पण एकदा पसरला की पसरू द्यावा, चार-पाच मीटर तर तो सहज जातो.

मग येतात फुलं आणि त्याबरोबर पहिली तक्रार, एवढी फुलं आली पण फळ एक नाही. अहो येणार कुठून, सुरुवातीची फुलं बहुतेक सगळी नर असतात! मादी फुलं नंतर येतात आणि ती ओळखायला अगदी सोपी, पाकळ्यांच्या खाली गोटीएवढा इवलासा भोपळा आधीच तयार असतो. फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, तेवढ्या वेळात मधमाश्या आल्या तर ठीक, नाहीतर ते बाळ पिवळं पडून गळतं. मधमाश्या कमी दिसत असतील तर सकाळी लवकर एक नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या आणि आतला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा, झालं काम. इथे मात्र मधे मधे केलेलं चालतं. उरलेली नर फुलं स्वयंपाकघरात न्यावीत, आतला दांडा काढून पिठात बुडवून तळली की फळ यायच्या आधीच वेलाने पहिला घास दिलेला असतो.

पानांवर पांढरी भुरी दिसली की लोक लगेच हाय खातात. शेवटी शेवटी जुन्या पानांवर ती येतेच, फळं भरत आली असतील तर मी तरी फार मनावर घेत नाही.

साधारण तीन-चार महिन्यांनी फळ तयार होतं. नख मारून बघावं, सालीत रुतलं नाही आणि देठ सुकून लाकडासारखा झाला असेल तर काढायला हरकत नाही. चांगला चार बोटं देठ ठेवून कापायचा पण देठाला धरून उचलायचं नाही, तो मोडला की तिथूनच सड सुरू होते. आणि आता खरी परीक्षा, लगेच कापायचा नाही! आठ-दहा दिवस उबदार, हवेशीर जागी ठेवला की साल कडक होते, नंतर थंड कोरड्या जागी काही महिने आरामात टिकतो. शिवाय ठेवलेल्या दिवसांत आतल्या स्टार्चची हळूहळू साखर होत जाते. "घरचा भोपळा पण काही गोड नाही" म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा तो त्याच दिवशी चिरलेला असतो.

आकाराच्या नादाला तर लागूच नये. स्पर्धेतले भोपळे १,२०० किलोच्या वर गेलेत, फोटो झकास येतो, पण खायला पाणचट. चवीला मध्यम, घट्ट गराचाच बरा.

अख्खा कापायला जड जातो, तेव्हा आधी खालून एक चकती उडवून तो नीट बसता करावा, बोटं शाबूत राहतात. आणि कृपा करून भरपूर पाण्यात उकडू नका, सगळी चव त्या पाण्यात जाते. मोठ्या फोडी सालीसकट भाजल्या तर गोडी एकवटते, मग त्याचं सूप करा, कणकेत मिसळा, केकात घाला. भाजी असेल तर झाकण ठेवून त्याच्याच वाफेवर शिजवायची, आणि तेल-तूप घालताना हात आखडता घेऊ नये, त्याचा केशरी रंग ज्या बीटा कॅरोटिनमुळे असतो ते अंगी लागायला थोडी स्निग्धता लागतेच. बिया धुऊन, सुकवून, मीठ लावून भाजायच्या. कापल्यावर मात्र त्याची सगळी सबुरी संपते, फ्रीजमध्ये चार-पाच दिवस फार तर, म्हणून उरलेला गर शिजवून फ्रीझरमध्ये टाकलेला बरा.

थोड्या बिया पुढच्या वर्षीसाठी ठेवायचा मोह होतोच. ठेवा, पण शेजारी त्याच जातकुळीतलं दुसरं काही फुललेलं असेल तर संकर झालेला असू शकतो, यंदाच्या फळात तो कळत नाही, पुढच्या वेलाला काय लागेल ते तोच जाणे. खताच्या ढिगाऱ्यात आपोआप उगवलेल्याचंही तेच. असल्या वेलाचं फळ शिजवायच्या आधी कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघायचा, कडू लागला तर थुंकून अख्खा भोपळा फेकून द्यायचा, तो कडूपणा विषारी असतो आणि शिजवून जात नाही, गूळ घालून वाचवायला तर मुळीच जायचं नाही.