धोट्यापासून कायाकपर्यंत : आमची वाटचाल

सोलापुरात लाकडी कायाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची अरुंद, हलकी होडी बनवतो असं सांगितलं की लोक आधी विचारतात, "इथं पाणी कुठंय?" पाणी आहे. तुळजापूर रस्त्याला हिप्परग्याचा तलाव आहे. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, त्याचा यशवंत सागर वर करमाळा-इंदापूरपर्यंत पसरलाय. आणि आमच्याकडे लाकडावर बसलेला हात होता.

वडील मागाचे लाकडी भाग करायचे. धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेणारा लाकडी भाग, ही त्यांची खासियत. दोन्ही टोकांना निमुळता, पोटात पोकळ, कुठंही खरखरीत नाही, कारण खरखर राहिली तर धागा तुटतो. कायाक म्हणजे माणूस मावेल एवढा धोटाच, असं मला आजही वाटतं. पुढं गावात धोट्याशिवाय चालणारे रेपिअर माग आले आणि ते काम आटलं. आम्ही फर्निचरकडे वळलो. त्यातच पक्षी बघणाऱ्या एका गिऱ्हाइकानं उजनीच्या रोहित पक्ष्यांजवळ आवाज न करता जाता येईल अशी हलकी होडी मागितली. तिथून हे सुरू झालं.

आम्ही निवडली ती शिवून चिकटवायची पद्धत. १९६३ साली इंग्लंडमध्ये मिरर नावाची छोटी शिडाची होडी याच पद्धतीनं घराघरांत बांधायला निघाली, आणि तशा ७० हजारांवर होड्या झाल्या. सांगाडा उभारावा लागत नाही. ४ मिलिमीटरच्या मरीन प्लायच्या, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडच्या फळ्या आकारात कापायच्या, कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेनं एकमेकींना टाचायच्या की होडीचा आकार आपोआप उभा राहतो. तार आम्ही मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून आणतो. प्लाय मात्र आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचीच. या दर्जाची प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. स्वस्त कमर्शियल प्लायवर आम्ही काम करत नाही. गिऱ्हाइकानं आग्रह केला तरी नाही.

शीट ८ फुटांचं आणि होडी १५-१६ फुटांची, म्हणून सांधा द्यावाच लागतो. जाडीच्या आठपट, म्हणजे ३२ मिलिमीटर लांब उतार रंध्यानं काढायचा आणि उतारावर उतार चिकटवायचा. उतार बरोबर उतरलाय की नाही हे प्लायच्या थरांच्या रेघा सांगतात. त्या सरळ आणि समांतर दिसल्या की रंधा थांबवायचा. हे काम वडील अजून स्वतः बघतात.

मग आतून सांध्यांत इपॉक्सी रेझिन आणि लाकडाचा बारीक भुसा यांची घट्ट लांबी (पुट्टी) भरायची, वरून काचतंतूंचं कापड आणि पुन्हा रेझिन. रेझिन मुरलं की पांढरं कापड दिसेनासं होतं आणि खालच्या लाकडाच्या रेषा झळकतात. नवीन शिकणारा माणूस इथं हातातलं काम सोडून बघत राहतो.

सोलापूरचं ऊन या धंद्यात सगळं ठरवतं. कोरड्या हवेत लाकूड छान सुकं राहतं, हा फायदा. पण रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर एकत्र केले की त्यांची स्वतःची उष्णता निघते, त्यात एप्रिल-मेचे चाळीस-बेचाळीस अंश. भांड्यात ढीग करून ठेवलं तर बघता बघता वाफा निघून दगड होतो. म्हणून थोडंच कालवायचं, लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचं. दुसरी गोष्ट, सकाळी तापमान चढत असताना लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि लेपात बुडबुडे धरतात. संध्याकाळी उलट होतं, गार होणारं लाकूड रेझिन आत ओढून घेतं. त्यामुळं आमच्याकडे कापणं-घासणं दिवसा आणि लेप दिवस कलल्यावर. शेवटी उन्हातले यूव्ही (अतिनील) किरण रोखणारं वॉर्निश हवंच, नाहीतर आपलं ऊन इपॉक्सी खाऊन टाकतं.

सुरुवातीला आम्ही तयार होड्या विकायचो. आता जास्त करून कापलेल्या फळ्यांचे संच देतो आणि बांधायला शिकवतो. जुळे सोलापुरातल्या एका घरी बाप-लेकीनं पार्किंगमध्ये कायाक बांधली. तारा पिळायचं सगळं काम मुलीनं केलं. ती होडी आमच्या वर्कशॉपमधल्या कुठल्याही होडीइतकीच नीट आहे. घरी बांधणाऱ्याला मी एवढंच बजावतो की हातमोजे आणि मास्क काढायचे नाहीत. रेझिनची अॲलर्जी एकदा धरली की सुटत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट उजनीत वादळी वाऱ्यानं उलटली आणि सहा जण गेले. आपल्याकडचं वळवाचं वारं सांगून येत नाही. आमच्या प्रत्येक कायाकला पुढं-मागं हवाबंद कप्पे असतात, म्हणजे पाणी शिरलं तरी ती तरंगते. लाईफ जॅकेट नसेल तर होडी ताब्यात देत नाही, आणि पाण्यात उलटून परत बाहेर यायचा सराव काठाजवळ करून घेतो.

सध्या शिवण या झाडाच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या जोडून कायाकचा एक नमुना चाललाय. हे लाकूड हलकं आहे आणि फारसं वाकत-पिळत नाही. पट्ट्या ६ मिलिमीटरच्या काढल्यात, साचे उभे आहेत, दिवाळीनंतर हवा गार झाली की लेपाला हात घालू. घरी बांधू इच्छिणाऱ्यांची पुढची तुकडीही तेव्हाच बसेल. रंधा धरता येत नसला तरी चालेल, तो वडील शिकवतात.