सासूबाईंचं टमरेल आणि मोटारहोम

फिनिक्सहून ग्रँड कॅन्यनला जायला आम्ही पाच दिवसांसाठी मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेतली, तेव्हा मला धास्ती होती ती एवढं धूड चालवण्याची. संडासाचा विचार कुणीच केला नव्हता.

गाडी ताब्यात देणाऱ्याने दहा मिनिटांत सगळं उरकलं. खाली दोन टाक्या: अंघोळ-भांड्यांच्या पाण्याची ग्रे, संडासाची ब्लॅक. पायाशी पेडल. अर्धं दाबलं की भांड्यात पाणी येतं, पूर्ण दाबलं की बुडाची झडप उघडून सगळं थेट खालच्या टाकीत. झडपेवर थोडं पाणी राहू द्यायचं, म्हणजे वास वर येत नाही.

ब्लॅक टाकी ३० गॅलनची, म्हणजे सुमारे ११४ लिटर. माणसं सहा. ‘पाणी जपून!’ असं मी सगळ्यांना बजावलं. सासूबाई मात्र पुण्याहून आणलेलं टमरेल घेऊन आत जायच्या आणि त्यांच्या प्रत्येक फेरीनंतर मी पॅनेलवरचे टाकीचे दिवे बघायचे.

साउथ रिमवर, म्हणजे कॅन्यनच्या दक्षिण काठावर, अशा गाड्यांच्या मुक्कामासाठी ट्रेलर व्हिलेज आहे; तिथे जागेवरच वीज, पाणी, ड्रेनेज असतं. नवऱ्याने पाइप जोडला आणि दोन्ही टाक्यांचे व्हॉल्व उघडेच ठेवले. म्हणाला, “घरी कुठे आपण ड्रेनेज बंद करून बसतो?” मलाही पटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेडल दाबलं, तर पडायचं ते पडेचना. टॉर्च मारला. भोकाखाली वीतभरावर एक डोंगर उभा होता, टॉयलेट पेपरचे थर देऊन नीट बांधल्यासारखा.

शेजारच्या गाडीतले आजोबा आमचा उघडा व्हॉल्व बघूनच हसले. उघडा ठेवला की पाणी वाहून जातं आणि घट्ट तेवढं मागे साचतं. व्हॉल्व बंद ठेवायचा, टाकी निदान दोन तृतीयांश भरू द्यायची आणि मग एका झटक्यात ओढायचा; पाण्याच्या लोटाबरोबर सगळं जातं. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइपही धुतला जातो. पाण्याची कंजुषी तर अजिबात नको.

“मी तेच म्हणत होते,” सासूबाई म्हणाल्या. त्या असं काही म्हणाल्या नव्हत्या. पण टमरेलाचं पाणी नसतं तर तो डोंगर आदल्या दिवशीच वर आला असता, हे खरं.

व्हॉल्व बंद करून आम्ही बादल्यांनी पाणी ओतलं आणि पाइप काढून गाडी काठावरच्याच डेझर्ट व्ह्यू या ठिकाणापर्यंत नेली. वळणावळणाचा रस्ता, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. प्रत्येक वळणाला पायाखाली काहीतरी हिंदकळायचं. “रवी फिरतेय,” सासरे म्हणाले. मुलांनी त्या दिवशी ताकाला हात लावला नाही.

परत आल्यावर हातमोजे घालून नवऱ्याने व्हॉल्व ओढला. पाइपच्या तोंडाशी एक पारदर्शक तुकडा असतो, त्यातून काय चाललंय ते दिसतं. न दिसतं तर बरं झालं असतं. दुसऱ्यांदा भरून सोडल्यावर तिथे नितळ पाणी आलं. मग व्हॉल्व बंद, रिकाम्या टाकीत दोन बादल्या पाणी आणि टाकीचं औषध. जाड पेपर कचऱ्यात गेला. नवा पातळ पेपर घेताना आजोबांची युक्ती वापरली: तुकडा पाण्याच्या बाटलीत टाकून हलवायचा, विरला तरच घ्यायचा.

गाडी परत दिली तेव्हाही दिवे टाकी दोन तृतीयांश भरल्याचंच दाखवत होते; सेन्सरला कागद चिकटला की असंच होतं म्हणे. टमरेल आत राहिल्याचं घरी आल्यावर लक्षात आलं. नवरा तेवढ्यासाठी पुन्हा अर्धा तास गाडी चालवून गेला.