बोडीतलं कललेलं घर

कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेला, नेवाडाच्या हद्दीजवळ बोडी म्हणून एक ओसाड गाव आहे. १८५९ मध्ये इथं सोनं सापडलं, १८८० च्या सुमाराला आठ-दहा हजार माणसं राहायची असं सांगतात, मग सोनं आटलं, माणसं पांगली, १९३२ च्या आगीत बरंचसं गाव जळालं आणि जे उरलं ते १९६२ पासून राज्याच्या पार्कमध्ये आहे. मी स्ट्रक्चरल इंजिनीअर, मूळचा वाईचा, आणि आमची फर्म अशा जुन्या लाकडी इमारतींना आधार देण्याची कामं घेते. तिथलं एक घर अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

बोडीचा नियम आधी सांगतो. इथं काही नवंकोरं करायचं नाही. पार्क झालं तेव्हा जे जसं होतं तसं धरून ठेवायचं, म्हणजे छप्पर गळतंय तर दुरुस्त करा, पाया कुजलाय तर बदला, पण रंगरंगोटी नाही आणि कललेलं घर सरळ करून मिरवायचं नाही. तिथलं स्वेझी हॉटेल असंच झुकलेलं आहे आणि बाहेरून लाकडी टेकू देऊन उभं ठेवलंय, ते टेकू येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात आणि दिसू देत, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आमचं घर त्यामानाने अगदी छोटं. पुढे एक खोली, मागे एक खोली, बस्स. घराला सांगाडा असा नाहीच, उभ्या फळ्या एकमेकींना लागून ठोकलेल्या आणि त्या फळ्या हीच भिंत. खाली एक तुळई, ती थेट मातीवर. आमच्याकडे वाड्यात खांब दगडी तळखड्यावर बसतो, लाकूड मातीला शिवत नाही, पण इथं लोक चार वर्षांत सोनं काढून निघून जायच्या बेतानं घरं बांधत होते, शंभर वर्षांचा विचार कोण करतो. वाऱ्यानं आणि बर्फाच्या पाण्यानं माती भिंतीला लागून चढत जाते आणि तुळई आतून कुजते. वरून धड दिसते, पण स्क्रूड्रायव्हर टोचला की मुठीपर्यंत आत जातो.

काम सुरू करायच्या आधी काय काय करावं लागतं ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. आत उंदरांच्या लेंड्या असतात आणि त्यातून हंटा व्हायरसची भीती, म्हणून झाडू मारायचाच नाही, ब्लीचचं पाणी फवारून, मास्क लावून पुसून घ्यायचं. भिंतीलगतची माती फावड्यानं उपसायची नाही, आर्किऑलॉजीवाला शेजारी उभा असतो, प्रत्येक बादली चाळली जाते. ८,००० फुटांच्या वर असल्यामुळे धाप लागते ती वेगळीच.

ऑफिसमधून आलेल्या ड्रॉइंगवर लिहिलं होतं, मागचा कोपरा उचलून घर ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभं, आणा. ज्यानं ते काढलं तो पोरगा हुशार आहे, पण त्यानं घर फक्त फोटोत पाहिलेलं, आणि मॉडेलमध्ये अख्खं घर एक खोकं धरलेलं. मला हे फार खटकतं, साइटवर पाय न ठेवता जुन्या इमारतीचं ड्रॉइंग काढायची पद्धतच बंद व्हायला हवी.

आमचा मुख्य सुतार सत्तरीचा आहे. तो जॅकला हात लावायच्या आधी हातात टॉर्च घेऊन खिळे बघत बसला. पुढच्या खोलीत सगळे चौकोनी खिळे, मागच्या खोलीत गोल, तारेचे. तारेचे खिळे सर्रास वापरात आले ते १८९० च्या दशकात. मला म्हणाला, "हे एक घर नाहीये, दोन आहेत. मागचं कुठूनतरी ओढून आणून चिकटवलंय." जोडावरची फळी बघितली तर खरंच, मागच्या खोलीची बाहेरची भिंत आत तशीच होती, उन्हानं करपलेली. खाणींच्या गावांत रिकामी घरं उचलून दुसरीकडे नेणं नेहमीचं होतं, लाकूड महाग, बोडीच्या आसपास झाड नाही, १८८१ मध्ये खास लाकडासाठी मोनो लेककडच्या जंगलातून ३२ मैलांची रेल्वे टाकली होती.

मग आम्ही उचलायला घेतलं. लाकडी ठोकळे आडवे-उभे रचून त्यावर स्क्रू जॅक, तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक नाही, कारण हायड्रॉलिकचं सील गळलं की तो तुमच्या नकळत खाली बसतो. सगळ्यांनी एकदम पाव फेरा, मग थांबायचं, ऐकायचं. सुतार गालफड भिंतीला लावून उभा. लाकूड कुरकुरतं ते चालतं, टणकन आवाज आला की थांब. थोडं वर गेल्यावर कैक वर्षं अडकलेलं मधलं दार सुटलं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच वेळी मला आतल्या भिंतीवर जोडाच्या रेषेत वॉलपेपर फाटायला लागलेला दिसला. फळ्यांवर मांजरपाटासारखं कापड ठोकून त्यावर कागदाचे थर चिकटवलेत, एकावर एक, प्रत्येक बिऱ्हाडाचा वेगळा. खालच्या थराची निळी फुलं क्षणभर दिसली.

मी थांबा म्हणालो. पाव फेरा उलटा घेतला, दार परत अडकलं. कोपरा अजून इंचभर खाली होता, तसाच ठेवला, कुजलेला भाग कापून नवी तुळई सांध्यात बसवली, खाली दगड आणि पाचरी दिल्या, नव्या लाकडाच्या आतल्या बाजूला कामाचं वर्ष कोरलं, म्हणजे पुढच्या माणसाला जुनं कुठलं आणि आमचं कुठलं ते कळेल.

दोरीच्या पलीकडून एक गृहस्थ म्हणाले, एवढा खर्च करता तर सरळ का नाही करत? त्यांना मी नीट समजावलं, ते ठीक. पण राग येतो तो खिळे उचलून नेणाऱ्यांचा. नंतर लोकांना बोडीचा शाप लागल्यासारखं वाटतं आणि ते माफीच्या चिठ्ठीसकट खिळा पोस्टानं परत पाठवतात. पण तो कुठल्या फळीतला हे गेलं म्हणजे सगळं गेलं! आमच्या घराचं कोडं सुटलं ते खिळे आपापल्या जागी होते म्हणून.

आता ऑफिसला कॅल्क्युलेशन हवंय आणि माझं म्हणणं आहे की दोन घरं धरून करा. पुढे काय करायचं यावर सुताराचं आणि माझं जमत नाही. मला वाटतं जोडावर आतून लपवून आधार द्यावा, बर्फ एकाच बाजूला साठलं तर मागची खोली पुढचीला ओढेल. तो म्हणतो जोड मोकळा आहे म्हणूनच ही दोन्ही इतक्या वाऱ्यात टिकली, बांधून टाकलीस तर एक पडताना दुसरीला घेऊन पडेल. त्याचं चुकतंय असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंना मोजपट्ट्या लावून आलोय. बर्फ वितळून रस्ता उघडला की आधी ते आकडे वाचायचे, मग बोलू.