शनिवार-रविवारचा ड्रायव्हर

आपल्याला गाडी नीट चालवता येत नाही, असं कबूल करणारा माणूस मला बेळगावात अजून भेटायचाय. याला गोवा जबाबदार आहे. चोर्ला घाट एवढा हाताशी असल्यावर दुसरं काय होणार? किणये, जांबोटी, कणकुंबी करत घाटाला लागायचं, उतरून साखळी गाठायची आणि मग वर्षभर लग्नाच्या पंगतीत सांगत बसायचं, ‘सव्वादोन तासांत पणजी, तेही चहाला थांबून.’ समोरचा लगेच दोन तासांवर येतो. या बढाईला साक्षीदार असते ती मागच्या सीटवर झोपलेली बायको, आणि ती काही बोलायची नाही. मीही या पंगतीतलाच. फरक इतकाच, की मधल्या काळात मला गो-कार्टिंगचा, म्हणजे बुटक्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींचा, नाद लागला आणि तिथं पंगतीतलं काही चालत नाही.

ट्रॅकवर प्रत्येक गाडीला काडेपेटीहून थोडी मोठी एक डबी लावलेली असते, ट्रान्सपॉन्डर. गाडी रेषेवरून गेली की रस्त्याखालच्या तारेला ते कळतं आणि तिकडं पडद्यावर तुमचा आकडा पडतो, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. समोर म्हैस आली होती, ट्रकवाला साइड देत नव्हता, कणकुंबीजवळ धुकं होतं, ही सगळी कारणं एका फटक्यात बाद. आमच्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या माणसानं एवढं खरं ऐकायला सुट्टीच्या दिवशी पैसे भरून कशाला जावं, हा घरच्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर मी आजवर टाळत आलोय.

माझं उद्यमबागेत छोटं मशीनशॉप आहे. हायड्रॉलिक पंपाचे सुटे भाग, शाफ्ट, बुश, असली कामं. हे गावच फाउंड्रीचं आणि लेथचं, त्यामुळं सेकंडहँड कार्ट दुकानात आली तेव्हा आख्खी गल्ली बघायला जमली. बघण्यासारखं काय होतं म्हणा! लोखंडी नळ्यांचा सांगाडा, फायबरची सीट, चार बुटकी चाकं. सस्पेन्शन नाही, गिअर नाही, सीटबेल्टसुद्धा नाही. इंजिन मात्र ऑस्ट्रियाचं, रोटॅक्स, 125 सीसी टू-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारं. ताकद तीस हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ चार स्प्लेंडर एकत्र. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळून ते पहिल्यांदा सुरू केलं, तसा निळा धूर आणि तो गोडसर, करपट वास शेडभर पसरला. शेजारच्या दुकानातले वयस्कर टर्नर हातातलं काम टाकून आले. त्यांनी उमेदीत म्हैसूरची येझदी चालवली होती. बराच वेळ ते नुसते वास घेत उभे होते.

आमच्यासारख्यांना अशा यंत्राचा धाक वाटत नाही, याला आणखी एक कारण आहे. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती 800चं इंजिन बसवून एका सीटच्या रेसच्या गाड्या बनवल्या, फॉर्म्युला मारुती. भारतातली ड्रायव्हरांची एक पिढी त्यांवर शिकली. नारायण कार्तिकेयन 2005 साली फॉर्म्युला वनमध्ये पोचला, तोही आधी त्याच गाड्यांमध्ये बसला होता. करिवर्धन गेले 1995 साली. त्यांचं नाव दिलेला ट्रॅक आज कोइमतूरला आहे. मारुती 800चं इंजिन बेळगावातल्या कुठल्याही गॅरेजमधलं पोरगं डोळे झाकून उतरवतं. रेसिंगची एवढी जवळची ओळख असल्यावर भीती कसली?

तर शुक्रवारी संध्याकाळी दुकान बंद झालं की छोटा हत्ती मागं लावायचा. कार्ट, स्टँड, जास्तीचे टायर, चेन, ऑइलचा डबा, हवेचं मीटर, आणि आमचा फिटर. हा फिटर म्हणजे स्वतंत्र प्रकरण आहे. माझ्याशी मराठी बोलतो, हिशेब कन्नडमध्ये करतो आणि नट अडकला की दोन्ही भाषांना सारखाच न्याय देतो. पहाटे काकती सोडायची, हत्तरगी, संकेश्वर, निपाणी करत कोगनोळीचा नाका. एरवी कोगनोळी म्हटलं की आठवतो पोलिसांचा बंदोबस्त, अडवलेले नेते आणि 1956 पासून भिजत पडलेला सीमाप्रश्न. शनिवारी पहाटे तिथं एक पेंगुळलेला पोलीस असतो. त्यानं टॉर्च मारून विचारलं, “फवारणीचं मशीन काय ओ?” फिटरनं हो म्हणून टाकलं. समजावत बसण्यापेक्षा ते बरं.

कोल्हापूरजवळचा मोहिते ट्रॅक आम्हाला सगळ्यांत जवळचा. राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्याही तिथं झाल्यात. नाहीतर मोठ्या ट्रॅकसाठी कोइमतूर नाही तर चेन्नई. म्हणजे चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला जायचं तर शनिवार-रविवार निम्मा रस्त्यातच जायचा. कोल्हापूरकरांना हे वेड जुनं आहे. त्यांचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन आलाय. त्यामुळं पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या लावायच्या आवारात, एमएच-09च्या गर्दीत आमची केए-22 घुसली की एखादा ‘आलं बेळगाव!’ म्हणतोच. ही आपुलकी असते की टोमणा, ते त्या दिवशीच्या आकड्यावर ठरतं.

शनिवार सगळा सरावाचा, म्हणजे खरं तर हवेचा आणि दातांचा. चारचाकीत आपण तीसेक पौंड हवा भरतो आणि महिनाभर विसरतो. कार्टच्या टायरमध्ये असते जेमतेम दहा-बारा पौंड आणि तिथं अर्ध्या पौंडानं फरक पडतो. सकाळी डांबर थंड, म्हणून हवा जरा जास्त ठेवायची, म्हणजे टायर लवकर तापून रस्ता धरतो. दुपारी डांबर चटके द्यायला लागलं की तीच हवा डोईजड होते आणि गाडी मागून घसरायला लागते. मग फिटर व्हॉल्व्हवर नख दाबून एक बारीकसा ‘फिस्’ सोडतो, मीटर लावतो, पुन्हा सोडतो. त्याची मान वाकडी, जीभ दातांत. सीएनसीवर दोन मायक्रॉनसाठी भांडणारा माणूस तो, इथं त्याला स्वर्ग सापडलाय. हवा झाली की चेनपॉकेट, म्हणजे चेन बसते ती दातेरी चकती. मागं दात वाढवले तर वळणातून गाडी झपकन उठते, पण सरळ पट्ट्यात लवकर धाप लागते. कमी केले तर उलटं. तो गुडघ्यावर बसून बोटानं दात मोजतो, “ओंदु, एरडु, मूरु...” मध्येच कुणी काही विचारलं की पहिल्यापासून.

त्या दिवशी निपाणीकडचे मामा आले होते. सख्खे नव्हेत, आईच्या चुलतघरातले, पण आमच्याकडं मामा तो मामाच. त्यांच्या दारात शर्यतीची बैलं असतात. 2014 साली सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा त्यांनी म्हणे बरेच दिवस अन्न गोड लागू दिलं नाही. 2023 साली कोर्टानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे उचलून धरले तेव्हा पेढे मात्र आम्हाला बेळगावापर्यंत पोचले. असा माणूस पटका बांधून पॅडॉकमध्ये आला. गाडीभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. टायरवर तळहात ठेवून ऊब बघितली. मग फिटरला विचारलं, “दात किती?”

“मागं अठ्ठ्याहत्तर,” फिटर.

मामा थोडा वेळ गप्प. “आरं, गट कंचा म्हन्तो मी. दुसा का चौसा?”

शर्यतीच्या बैलांचे गट दातांवरून पडतात. आदत म्हणजे अजून दुधाच्या दातांचा खोंड, मग दोन दातांचा दुसा, चार दातांचा चौसा, पुढं जनरल. आमच्याकडंही तसंच, फक्त दात न बघता जन्मदाखला बघतात. लहान पोरांचा वेगळा वर्ग, मग ज्युनिअर, मग सीनिअर. हे सांगितल्यावर मामांना बाकीचं काही समजावून द्यावंच लागलं नाही. झेंडे, नंबर, रांग, पंच, तक्रार, सगळं त्यांचं त्यांनाच उमगत गेलं. वजनकाटा बघून तर त्यांना फार बरं वाटलं. रेस संपली की गाडी आणि ड्रायव्हर दोघांनाही काट्यावर चढवतात. ठरलेल्या वजनापेक्षा कमी भरला तर निकाल बाद. म्हणून हडकुळी पोरं सीटला शिशाचे तुकडे बोल्टनं आवळून येतात. आमच्या पेटीतही शिसं आहे, आणल्या दिवसापासून कागदातच गुंडाळलेलं. त्याची गरज का पडत नाही, हे मामांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून ताडलं, पण त्या वेळी काही बोलले नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं करतो, तिच्याकडं येतो. ती गोष्ट म्हणजे ब्रेक. घाटातल्या आपल्या शौर्यात ब्रेकला फारसा मान नसतो. ब्रेक दाबला म्हणजे भ्यायला! ट्रॅकवर पहिली चपराक बसते ती इथंच. लांब पट्ट्यावरून गाडी ताशी शंभराच्या वर आलेली असते, बूड जमिनीपासून दोन बोटं वर, त्यामुळं ते शंभर दोनशेसारखे वाटतात. समोर वळण. आमच्या गाडीला ब्रेक फक्त मागच्या आसाला. गाडी सरळ असतानाच तो दाबायचा, सगळा जोर लावून, आणि वळायला लागायच्या आत पाय हलका करत आणायचा. वळता वळता दाबलात की मागची चाकं अडकतात आणि तुम्ही आल्या दिशेला तोंड करून बसता. त्यात आणखी एक गंमत आहे. मोटारीत वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देतं ते डिफरन्शियल कार्टला नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर ठोकलेली. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडायचं असतं, आतल्याला कमी, आणि दांडा तर एकच. मग वळायचं कसं? आतलं मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं तरच. स्टिअरिंग योग्य क्षणी योग्य झटक्यानं फिरवलं की पुढच्या चाकांच्या कलामुळं सांगाडा पिळवटतो, आतलं चाक कागदभर वर उठतं, गाडी तीन पायांवर वळते आणि तोंड सरळ होताना चाक परत टेकतं. ते हळूच टेकलं पाहिजे. आदळलं की इंजिन घुसमटतं आणि पुढचा पट्टाभर ती चूक तुमच्यासोबत धावते.

हे वाचायला लागतं त्याच्या निम्म्या वेळात तिथं सगळं होऊन गेलेलं असतं. दिवसभरात एखाददुसऱ्या वेळी ते जुळून येतं. त्या फेरीत काही विशेष केल्यासारखं वाटतच नाही, उलट आपण आज जरा सावकाशच गेलो अशी रुखरुख लागते. पडद्यावर बघावं तर एक दशांश सेकंद कमी. एक दशांश सेकंद म्हणजे काय? ताशी शंभराच्या वेगात तेवढ्या वेळात गाडी पावणेतीन मीटर जाते, म्हणजे जवळजवळ दीड कार्ट. ज्याच्या बंपरला नाक लावून तुम्ही धावत होता, त्याच्या पुढं निघायला पुरेल एवढं. उलट जी फेरी मी दात-ओठ खात, टायर किंचाळवत, सगळ्या जगाला दाखवत मारतो, ती नेमकी चार दशांशांनी सुस्त निघते. चोर्ला घाटात मी नक्की किती वाया घालवत होतो, याचा हिशेब मी करत नाही.

रविवारच्या रेसबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सीनिअर वर्गात विशीच्या आतली पोरं असतात, ती वेगळ्याच हवेत जगतात. मागून ती आली की पंच निळा झेंडा दाखवतो, म्हणजे बाबा, बाजूला हो. तो झेंडा माझ्या चांगल्या ओळखीचा झालाय. खालून मोजलं तर माझा नंबर बरा आला. कोल्हापुरातला एक डॉक्टर आणि मी, आमची दोघांची एक खासगी शर्यत चालू होती, तिकडं पुढच्यांचं लक्षही नव्हतं. शेवटच्या वळणाआधी ब्रेक त्याच्यापेक्षा जरा अलीकडं दाबला, चाक हळू टेकवलं आणि पट्ट्यावर त्याच्या शेजारून निघून गेलो. हेल्मेटच्या आत मी मोठ्यानं ओरडलो. डॉक्टर नंतर चहा पाजायला आला आणि बरगड्यांना कुठलं मलम लावायचं तेही सांगून गेला. सस्पेन्शन नसलेल्या गाडीत सीटची कड बरगडीत रुतते, त्यावर वैद्यकीय सल्ला फुकट मिळणं हा या वर्गातल्या रेसिंगचा मोठा फायदा आहे.

कार्ट परत चढवून कागलवरून हायवेला लागेपर्यंत फिटर मागचे दात एकानं कमी करायचे की टायर नवे घ्यायचे यावर बोलत होता. टायरची किंमत त्यानं मुद्दाम कन्नडमध्ये सांगितली, म्हणजे ती मला कमी लागेल असा त्याचा समज असावा.

सोमवारी दुकानात मी शिंकसुद्धा जपून देत होतो, तेवढ्यात मामांचा फोन आला. मला नव्हे, फिटरला. शनिवारी दोघांनी नंबर घेतले होते एकमेकांचे. त्यानं हात ग्रीसचे म्हणून स्पीकर लावला. मामांनी गाडीचं तोंड भरून कौतुक केलं, हवेचं बरोबर बसलं म्हणाले, दात आहे तेवढेच ठेवा म्हणाले.

“फकस्त वर बसनारा जरा हलका बघा.”

फिटर माझ्याकडं न बघता म्हणाला, “मी पण तेच म्हणूलोय की ओ मामा. पण मालक आहेत.”