शेवाळाचं तेल: आधी पाण्याचा हिशेब

सूक्ष्म शेवाळातून तेल काढायचं म्हटलं की तेल विरघळवून घ्यायला हेक्झेन हा द्रावक बरा की सुपरक्रिटिकल (प्रचंड दाबाखाली द्रवासारखा वागणारा) कार्बन डायऑक्साइड, यावर वाद सुरू होतो. खरं दुखणं त्याच्या आधीचं आहे: पाणी. सेंट्रिफ्यूजमधून (गरगर फिरवून पाणी वेगळं करणाऱ्या यंत्रातून) निघालेल्या शेवाळाच्या लगद्यात घन भाग जेमतेम २० टक्के, म्हणजे एक किलो सुक्या मालामागे चार किलो पाणी. त्याची नुसती वाफ करायला ९ मेगाज्यूल जातात. सुक्या मालात २० टक्के तेल धरलं, तर मिळणाऱ्या २०० ग्रॅम तेलात ऊर्जा साडेसात मेगाज्यूलच्या आसपास. इंधनासाठी हा सरळ आतबट्ट्याचा धंदा.

ओल्या लगद्यावर हेक्झेन ओतून भागत नाही. ते पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे पेशीपर्यंत पोचतच नाही. शिवाय नॅनोक्लोरोप्सिस या शेवाळाची पेशी २ ते ४ मायक्रॉनची आणि भित्तिका चिवट. ती आधी बीड मिलमध्ये, म्हणजे ०.५ मिलिमीटरच्या मण्यांसोबत घुसळणाऱ्या यंत्रात, फोडावी लागते. भांडं बर्फात ठेवा आणि थांबत थांबत फिरवा, नाहीतर माल तापतो. ड्युनालिएला या शेवाळाला कडक भित्तिकाच नाही, तिथे हा खटाटोप वाचतो.

प्रयोगशाळेत ओल्या लगद्यासाठी मेद वेगळा काढायची १९५९ची ब्लाय-डायर पद्धत अजूनही हुकमी. क्लोरोफॉर्म, मिथेनॉल, पाणी यांचं प्रमाण आधी १:२:०.८. एक ग्रॅम लगदा (२० टक्के घन) घेतला तर ०.८ मिली पाणी त्यातच आहे! त्यात २ मिली मिथेनॉल, १ मिली क्लोरोफॉर्म घालून नीट हलवा. द्रव एकजीव दिसला पाहिजे. चूक होते ती इथेच: लगद्यातलं पाणी विसरून वर आणखी ०.८ मिली ओतलं की थर वेळेआधीच फुटतात आणि मेद पेशीतच अडकून राहतो. मग १ मिली क्लोरोफॉर्म आणि १ मिली मिठाचं पाणी घाला, सेंट्रिफ्यूज करा. वर मिथेनॉल-पाणी, मध्ये चोथ्याची चकती, खाली गडद हिरवं क्लोरोफॉर्म. पिपेट वरच्या थरातून नेताना हलकेच बुडबुडे सोडत न्या, म्हणजे वरचं पाणी आत शिरत नाही. नळ्या काचेच्याच हव्यात. प्लॅस्टिकमधले पदार्थ विरघळून वजनात मोजले जातात. काम फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात).

फोडलेला लगदा रात्रभर टेबलावर ठेवू नका. पेशीतली लायपेज विकरं तेल तोडून मुक्त मेदाम्लं सोडतात, आणि पुढे बायोडिझेल करताना अल्कली टाकली की साबण होतो.

खालचा क्लोरोफॉर्मचा थर नायट्रोजनखाली वाळवून मिळालेलं वजन म्हणजे तेल नव्हे, बरं का. त्यात हरितद्रव्य आणि पेशीपटलांचा मेदही येतो. बायोडिझेलच्या कामाचा भाग किती, ते मेदाचे मिथाइल एस्टर (म्हणजे बायोडिझेलच) करून, घटक वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवरच कळतं.